बहिणीला फोटोतून काढा

दिवा राहू दे, बडबड तेवढी बंद करा. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेव्हण्यावर गुदरलेली आहे. त्याचा फोटो स्टुडिओ. फाटके, डागाळलेले जुने फोटो कॉम्प्युटरवर नीट करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मागच्या वर्षी, सतरा नोव्हेंबरला, संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा ठेकेदार खाली आला. हातात फोटो. खुर्चीत त्याची म्हातारी आई, मागे उभी बहीण, तिचा हात आईच्या खांद्यावर.

"आईचा मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. बहिणीला काढा."

"ताईंना? का हो?"

"गेली ना ती आता. आणि तुम्हाला कशाला चौकशा? सकाळी तयार ठेवा."

मेव्हण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं अंथरुणातलं सगळं त्या बाईनं नऊ वर्षं केलं होतं. आई गेल्यावर आठवड्यात या भावानं तिचं सामान जिन्यावरून फेकलं. भाड्याच्या खोलीत एकटीच मेली ती. सामान फेकलं तेव्हा सगळी इमारत बघत उभी होती. मेव्हणाही. तेव्हा तोंड उघडलं नाही, आजही उघडलं नाही. स्वतःवरच चरफडत तो कामाला बसला.

पावणेबाराला त्यानं बहिणीचा चेहरा पुसला. मागे भिंत भरली. मग हात. एकेक बोट. शेजारचं साडीचं कापड उचलून त्या जागी बसवलं. सफाईदार काम! सेव्ह केलं, पाणी प्यायला, परत बसला.

आईची मान वळली होती.

त्यानं डोळे चोळले. कागदावरचा फोटो पाहिला. त्यात ती सरळ बघत होती. स्क्रीनवर मात्र... मागे. रिकाम्या भिंतीकडे. लेकीला शोधत.

केलेलं रद्द करायला गेला. होईना.

आईचा चेहरा हळूहळू समोर आला. ओठ घट्ट. कपाळाची शीर ताठ. नजर थेट त्याच्यावर.

"चुकलो," तो पुटपुटला. "तेव्हाच बोलायला हवं होतं..."

नजर ढळली नाही.

मग जिन्यात काहीतरी आपटलं. ट्रंक असावी. मग भांडी. मग आणखी काहीतरी... एकामागून एक...

तो बाहेर धावला. जिना रिकामा.

सकाळी ठेकेदार आला. मेव्हण्यानं फोटोचं पाकीट त्याच्यापुढे आपटलं. "होणार नाही! दुसरीकडे जा. ताईंना हाकललंत तेव्हा मी गप्प बसलो, त्याची मला लाज वाटते. तुम्हाला कधी वाटणार?"

"माझ्या घरच्या भानगडीत तू कोण रे?" ठेकेदारानं ओरडतच फोटो बाहेर ओढला. आणि तो दोन पावलं मागे सरला.

फोटो तिथंच टाकून तो गेला. अजून मेव्हण्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. मी हातात घेऊन पाहिलाय. त्यात दोघींपैकी कोणीच नाही. नुसती खुर्ची आहे. आपल्याकडे पाठ केलेली.