आठ कोरडे पुठ्ठे

चौकातून गॅरेजकडे चालत येताना तिला रस्त्यावर तांबडे थेंब दिसले. दुसऱ्या कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. ती वाकली, बोटाने एक थेंब उचलला, चोळला, हुंगला. स्टिअरिंगचं तेल, आणि तेही नवंकोरं. थेंबांचा माग काढत ती एका फाटकातून आत शिरली. तिथे एक निळी गाडी उभी होती आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

तिने नंबरप्लेट पाहिली. चार दिवसांपूर्वी याच गाडीचा स्टिअरिंगचा पंप तिने बदलला होता. वडिलांनी हात न लावता, एकटीने केलेलं तिचं पहिलं मोठं काम.

"ज्याने पंप बसवला ना," गाडीखालचा माणूस स्वतःशीच पुटपुटत होता, "त्याला पाना धरायची अक्कल नाही."

"अक्कल आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही मघापासून गिअरबॉक्स पुसताय."

धप्पकन कपाळ आपटल्याचा आवाज आला. मग माणूस बाहेर आला. जनावरांचा डॉक्टर, गाडी त्याची. गॅरेजात गाडी त्याच्या ताईने नेली-आणली होती, त्यामुळे हिला तो पहिल्यांदाच पाहत होता.

"म्हणजे तुम्ही...?"

"हो. मीच."

"मग... अक्कल काढली, ती परत घेतो."

"एवढ्यात नका घेऊ. आधी गळती सापडू दे."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होत होते. हे बघायची ही वेळ नव्हती, पण तिने पाहिलं खरं.

तिचा पडलेला चेहरा बघून त्याने विचारलं, तेव्हा तिने सांगून टाकलं. वडील आता थकले होते. गॅरेज तिच्या हाती द्यायचं की चुलतभावाच्या, हे ते रविवारी ठरवणार होते.

"मग पंप इथेच उघडून नीट करा की," तो हळूच म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. शपथ."

मोह झाला. क्षणभर अगदी मनापासून झाला.

"नको," ती म्हणाली. "काम माझं आहे. झाकून दुरुस्त करायचं असेल तर मग करायचंच कशाला?"

गाडी गॅरेजात आली तशी चुलतभावाने कमरेवर हात ठेवले. "आली का माहेरी? मी म्हटलंच होतं. पंपच खराब असणार, दुकानदाराच्या गळ्यात मार."

"बघितल्याशिवाय नाही, दादा."

तिने पंप, पाइप, सगळं धुऊन कोरडं केलं. त्यावर पावडरीचा हलका थर मारला. ओलं झालं की कुठून ते पावडर सांगते.

"डॉक्टर, गाडी चालू करा. चाक पूर्ण डावीकडे... आता उजवीकडे. सावकाश! बैल नाही तो, मान मुरगाळायला."

"बैलाची मान मी यापेक्षा नाजूक धरतो," तो म्हणाला, आणि ती तोंड फिरवून हसली.

पंप कोरडाच राहिला. दाबाचा पाइप जिथे पंपाला जोडतात, तिथे मात्र पावडर तांबडी झाली. तिने गाडी बंद करायला लावली, जोड उघडला आणि आत बोट फिरवलं. पाइपाच्या तोंडाशी जुनी रबरी रिंग चिकटून राहिली होती, काळी, दगडासारखी. तिला तो पाइपाचाच भाग वाटला होता. त्यावर तिने नवी चढवली होती. दोन रिंगांमुळे जोड नीट बसलाच नव्हता.

तिने दोन्ही रिंगा तळहातावर घेतल्या आणि सगळ्यांसमोर वडिलांपुढे धरल्या.

"पंप चांगला आहे, बाबा. चूक माझी."

चुलतभाऊ खदखदून हसला. "अगं वेडे, पंप खराब म्हणाली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

"तेच तर," वडील शांतपणे म्हणाले. "गॅरेज हिचं. रविवारपर्यंत थांबायचं कारण नाही."

तिने दोन्ही रिंगा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मान ताठ होती. डॉक्टर तिच्याकडे असा पाहत होता, जणू ते गॅरेज त्यालाच मिळालं होतं.

एकच नवी रिंग घालून तिने जोड आवळला, तेल भरलं. "आठ दिवस गाडीखाली रोज नवा पुठ्ठा घाला. डाग पडला तर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुठ्ठा घेऊन हजर. कोरडा.

"डाग पडला तर म्हटलं होतं."

"खात्री करून घेतलेली बरी."

रोज एक पुठ्ठा. तो टेकून उभा राहायचा, ती काम करायची. कधी अडलेल्या गाईची गोष्ट, कधी अडलेल्या इंजिनाची. पाचव्या दिवशी त्याने न मागता तिच्या हातात बरोबर मापाचा पाना दिला... तिने तो जरा उशिराच घेतला.

आठव्या दिवशी वडील, चुलतभाऊ, दोन गिऱ्हाइकं, सगळे असताना तो आला. पुठ्ठा खाली ठेवला.

"या गॅरेजात खरं सगळ्यांसमोर सांगतात," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मला... तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. "माझ्याकडे काय बघता? मालकीण ती आहे."

तिने हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

"हो," ती म्हणाली. "चौथ्या दिवसापासून तयार आहे. कोरडा पुठ्ठा दाखवायला कुणी इतके केस विंचरून येत नाही, डॉक्टर."