चौऱ्याण्णवची सभा

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या खानदेश मित्र मंडळाला पन्नास वर्षं होत आली, म्हणून चिटणीस छाया बोरसे जुनं दप्तर लावायला बसल्या. इतिवृत्ताच्या वह्या, हळदीकुंकवाचे फोटो, वार्षिक सभांच्या कॅसेटी. खिडकीतून डाईंग मिलचा उग्र, ओलसर वास येत होता.

१९९४च्या वहीत एकच ओळ होती : ‘उपस्थित – एक. बाबुराव सोनवणे.’

छायाताईंनी पान पटकन उलटलं. प्लेगच्या भीतीनं तेव्हा सगळे गावाकडे पळाले होते, त्याही अमळनेरला. त्या वेळचे चिटणीस बाबुराव तेवढे मागे राहिले, घरोघर गोळ्या वाटत. नियमाप्रमाणे सभेची तारीख चुकवायची नाही, म्हणून त्यांनी ती एकट्यानं घेतली. नंतर मात्र मंडळाची पायरी कधी चढले नाहीत.

त्या सभेची कॅसेट छायाताईंनी टेपमध्ये घातली.

पंख्याची घरघर. मग बाबुरावांचा कोरडा आवाज. “धर्मेंद्र पवार.”

“हजर.”

छायाताईंनी टेप थांबवला. लेबल पाहिलं. तारीख तीच होती. पुन्हा बटण दाबलं. नाव, हजर. नाव, हजर. प्रत्येक आवाज वेगळा.

“छाया बोरसे.”

“हजर,” त्यांचाच आवाज म्हणाला, ऐन पंचविशीतला. त्या दिवशी अमळनेरला तापानं फणफणलेली लेक त्यांच्या मांडीवर होती.

तेवीस नावं, तेवीस उत्तरं. तिथंच त्यांनी टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेप घेऊन पर्वत पाटिया भागात बाबुरावांच्या खोलीवर गेल्या. म्हातारे खाटेवर बसले होते.

“आप्पा, त्या सभेला तुमच्याबरोबर कोण होतं?”

“कोण राहील? तुम्ही सगळे गाड्या धरून निघून गेले.” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “निघतो म्हणून सांगायलासुद्धा कोणी आलं नाही, ताई.”

छायाताईंनी फीत सुरुवातीपर्यंत मागे घेतली. त्यांनी बटण दाबलं.

पाचव्या नावाला बाबुरावांनी भिंतीवरची नजर टेपकडे वळवली. “मी नाव वाचून थांबायचो. नुसती सवय. माले काहीच ऐकू उनं नही.”

तेविसावं नाव झालं. टेप चालूच राहिला. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग एक अनोळखी, शांत आवाज.

“बाबुराव सोनवणे.”

नुसता पंखा.

“बाबुराव सोनवणे.”

खाटेची कड धरून म्हातारे उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“हजर.”

“सगळे आले,” तो आवाज म्हणाला. “बसा.”

खुर्च्या सरकल्या. एक, दोन, कितीतरी. कोणी खाकरलं, कुणाच्या बांगड्या वाजल्या. बाबुरावांचा चेहरा आसवांनी भिजला होता आणि ते हसत होते. छायाताईंचे हात आपोआप जोडले गेले.

मग त्यांची नजर टेपकडे गेली. फीत संपून बटण वर आलं होतं.

खुर्च्या अजून सरकत होत्या.