क्लॅरी म्हाताऱ्याचं इंजिन

तुम्ही हसणार. हसा. मीही हसलो होतो.

पण हे माझ्यासमोर घडलंय. गेल्या उन्हाळ्यात, क्विल्पी गावाच्या पलीकडे, मेंढ्यांच्या एका मोठ्या रानावर. आणि भर दुपारी. आमच्याकडची भुतं रात्री झोपतात.

माझे दाजी, गार्थ, तिथे कामाला होते. बहीण नोएलिन आणि पोरं रानाच्या मालकाने दिलेल्या घरात राहायची. नोकरी गेली की घरही गेलं.

आणि दाजींना गेट लावायचा कंटाळा.

आमच्याकडे गेट जसं सापडलं तसं सोडायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं. शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींच्या कृपेने मात्र एडके भलत्याच कळपात शिरायचे. शेवटी मालक म्हणाला, "गार्थ, पुन्हा गेटची भानगड झाली तर बोचकं बांध."

त्यात दाजींच्या जुन्या फोर-व्हील पिकअपचं पेट्रोल इंजिन बसलं.

शेजारच्या रानात क्लॅरी म्हाताऱ्याचा ट्रक गंजत पडला होता. म्हातारा वारला होता... गेटपाशीच. हातात गेट अडकवायची साखळी. जन्मात एकही गेट उघडं न टाकलेला माणूस.

दाजींनी त्याच ट्रकचं डिझेल इंजिन उचललं.

"दाजी, त्याच्या मुलीला विचारलंत?"

"मेहुण्या, मेलेला माणूस गाडी चालवतो का?"

इंजिन मावेना. दाजींनी बॉनेटला भोक पाडलं. इंजिन टेकवायला कुंपणाचे लोखंडी खांब कापून वेल्ड केले. गाडी अपघात झाल्यासारखी दिसायला लागली, अपघाताचा खर्च न करता.

पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो होतो. शेजारी बसलेल्याने गेट उघडायचं, हा नियम. उघडलं. गाडी आत गेली. मी साखळीला हात घालतोय, तोवर हे निघाले! धावत जाऊन उडी मारली.

"गेट, दाजी!"

"राहू दे रे. उन्हात कोण थांबतंय?"

तेवढ्यात इंजिन आपोआप हळू झालं. कुणाची तरी वाट बघावी तसं...

मागून आवाज आला.

खळ्ळ...

मी वळलो. गेट बंद. साखळी अडकवलेली.

माणूस नाही. झाड नाही. वारा नाही.

इंजिनाने पुन्हा वेग घेतला.

मी गाडीचं दार आतून लावून घेतलं. दाजी? दाजी खूश!

"फुकटचा गडी मिळाला रे! पगार नाही, चहा नाही!"

"दाजी, तो क्लॅरी आहे."

"असेना. जिवंतपणी मला शिव्या घालायचा. आता राबू दे लेकाला."

त्यानंतर त्यांनी गाडीच्या आरशात मागे बघणंही सोडलं.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, खालचं तळं आटलं. मेंढ्यांना पलीकडच्या हौदावर जाता यावं म्हणून मालकाने एक गेट स्वतः तारेने उघडं बांधलं. दाजी त्यातून गाडी घेऊन गेले.

खळ्ळ...

"ऐकलं मी," ते नंतर म्हणाले. "म्हटलं, चालू दे त्याचं."

मालकाला मेंढ्या त्या गेटपाशी सापडल्या. कुंपणाला टेकून, माना हौदाकडे करून. एकही जिवंत नव्हती. हौद काठोकाठ भरलेला.

"मी नाही लावलं!" दाजी ओरडले. "जन्मात कधी गेट लावलंय का मी? कुणालाही विचारा!"

मालकाने विचारलं. सगळ्यांनी शपथेवर दुजोरा दिला. पण चाकांचे ठसे यांचेच होते. कधीच गेट न लावणारा माणूस गेट लावलं म्हणून कामावरून काढला गेला. असा मान आमच्या भागात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

आता सगळे गावात, माझ्याकडे. दाजी सोफ्यावर असतात. इंजिन मी काढून मागच्या अंगणात टाकलंय. डिझेल नाही, बॅटरी नाही, तेलही काढलंय.

क्लॅरीच्या मुलीला फोन केला. म्हटलं, बाई, घेऊन जा.

ती म्हणाली, "नको. बाबांना घरी बसवत नाही."

पोरं आमचं गेट सताड उघडं टाकून खेळायला जातात. परत येतात तेव्हा ते बंद असतं.

परवा दुपारी धाकटी उन्हात बाहेरच अडकली. गेट ढकलत रडत होती. मी धावलो. कडी काढलेलीच होती... तरी गेट हलेना. शेवटी तिला वरून उचलून आत घेतलं.

दाजी सोफ्यावरून म्हणाले, "साखळी सोडायची ना आधी. इथवर ऐकू आली."

आमच्या गेटला साखळीच नाहीये.