दोन ताटल्या

इलेक्ट्रिक ब्लँकेट एकच होतं, आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात. एक मेरिनच्या, दुसरं एका उंच, थंडीनं नाक लाल झालेल्या मुलाच्या. जुन्या वस्तूंच्या दुकानाबाहेर टास्मानियाचा बोचरा पाऊस, जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा... सोडणार कोण?

"मी आधी पाहिलं," मेरिन म्हणाली.

"मी आधी धरलं."

"मग काय, अर्धं अर्धं कापून घ्यायचं?"

"नको, शॉक बसेल." तो हसला. "माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. खोली भाड्यानं घे, ब्लँकेट फुकट."

तो होता फर्गस, लाकडी होड्या बांधणारा सुतार. मेरिनला खरंच खोली हवी होती, म्हणून ती गेली. पुढे त्या घरातली एक खोली नुसत्या सामानाची कधी झाली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे मात्र कुणीच म्हटलं नव्हतं. फर्गस लाजायचा. आणि मेरिन — मेरिन घाबरायची.

तिनं लहानपणी पाहिलं होतं ना! आईला साध्या बुटांसाठी सावत्र बापापुढे हात पसरावा लागायचा, आणि तो पाकीट काढण्याआधी छप्पन्न प्रश्न विचारायचा. मेरिननं तेव्हाच ठरवलं होतं, जीव गेला तरी कुणाची मिंधी व्हायचं नाही.

आणि आता हे होऊन बसलं होतं. मासळीच्या कारखान्यातला मुकादम चारचौघांत अंगावर ओरडला, तशी तिनं ॲप्रन काढून टेबलावर टाकला नि तडक बाहेर पडली. रुबाबात बाहेर पडली खरी, पण घरी पोचेपर्यंत मनात हिशेब सुरू झाला. आपण होऊन नोकरी सोडली, म्हणजे सरकारी बेकारभत्ता उशिरानंच सुरू होणार. त्यात कचेरीतल्या बाईनं फोनवर विचारलं, "घरात जोडीदार आहे का? असेल तर त्याचा पगारही धरला जाईल."

म्हणजे 'हो' म्हटलं तर भत्ता बुडाला, आणि बुटांसाठी फर्गसपुढे हात!

"नाही," मेरिन म्हणाली. "आम्ही... नुसते एका घरात राहतो."

"बरं. तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या कुणाचं तरी नाव द्या. सोमवारी त्यांना विचारू."

मेरिननं फर्गस खेळायचा त्या फुटबॉल क्लबाच्या ग्लेनिसबाईंचं नाव दिलं, आणि धावतच त्यांच्याकडे गेली.

"अगं बये!" बाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हणेन गं, नुसते एका घरात राहतात म्हणून. पण शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर एक ताटली घेऊन येता त्याचं काय?"

या क्लबात दर शनिवारी सामन्यानंतर जेवण असतं. प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं. एकट्याची एक ताटली, जोडप्याची मिळून एक. कोण कुणाबरोबर आहे हे गावाला तिथेच कळतं. ताटली चुकू नये म्हणून तिच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. यांच्या ताटलीवर फर्गसच्या वाकड्या अक्षरात 'फर्ग आणि मेरिन' होतं.

शनिवारी मेरिननं नखानं खरवडून ती पट्टी काढली. एका ताटलीत सॉसेज रोल, दुसरीत सफरचंदाचा केक... दोन पट्ट्या, दोन नावं. फर्गस सामना खेळून, केस ओले, हसत हसत आला, आणि टेबलावर मेरिननं मांडलेल्या दोन ताटल्या पाहून थबकला.

"काय रे फर्ग, हाकललं वाटतं तिनं तुला!" कुणीतरी ओरडलं, नि सगळा हॉल खो-खो हसला.

फर्गस हसला नाही. त्यानं त्यातली एक ताटली उचलली, बुडावर नुसतं आपलं नाव पाहिलं, ती हळूच खाली ठेवली आणि बाहेर गेला.

मेरिन मागे धावली. तो मैदानाच्या कठड्याला टेकून उभा होता, पावसात.

"जायचं असेल तर सांगायचं होतंस," तो म्हणाला. "असं लोकांसमोर..."

"जायचं नाहीये रे!" आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. भत्ता, कचेरी, ग्लेनिसबाई, आईचे बूट. सांगता सांगता रडू फुटलं. "तू कधी म्हणालास का, की मी तुझी कोण? मग मी कुठल्या हक्कानं तुझं खाऊ?"

फर्गस म्हणाला, "मागच्या हिवाळ्यात माझा गुडघा मोडला होता. घर कोण चालवत होतं?"

"मी. पण ते वेगळं—"

"काय वेगळं? मी मान खाली घालून बसलो होतो का? चांगला सोफ्यावर पाय पसरून वर केक मागत होतो, निर्लज्जासारखा!"

रडता रडता तिला हसू आलं.

"मला वाटायचं, तुला माहीतच आहे," तो पुटपुटला. कान लाल झाले होते. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं. बोललो."

"भत्ता नाही मिळणार मग."

"नाही मिळणार."

"भीती वाटते रे मला..."

"वाटू दे. मलाही वाटते. केक संपायच्या आत ये चल."

सोमवारी, कचेरीनं ग्लेनिसबाईंना गाठण्याआधीच, मेरिननं स्वतः फोन लावला.

"मी चुकीचं सांगितलं होतं. फर्गस माझा जोडीदार आहे."

"मग तुम्हाला भत्ता मिळणार नाही, कल्पना आहे ना?"

"आहे."

"कधीपासून एकत्र आहात?"

मेरिननं फर्गसकडे पाहिलं. तो टेबलाशी बसून नव्या चिकटपट्टीवर दोन नावं लिहीत होता, तशीच वाकडीतिकडी.

"शनिवारपासून," ती म्हणाली. "नाही... थांबा हं. एक ब्लँकेट होतं. दोघांनी धरलेलं. तेव्हापासून लिहा."