लाल कठड्याच्या जिन्यावरचा बारावा माणूस

गोष्ट सुरू झाली ती मेणबत्त्यांच्या एका पाकिटापासून, असं एलिसेओकाका नेहमी सांगतात.

एका रात्री वीज गेली तेव्हा टेकडीची लिफ्ट, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून चढणारा डबा, नेमकी वरच्या स्टेशनात उभी होती, आणि तिच्या लाकडी बाकांवर तिघं नवे गाईड अडकून बसले होते. पुढच्या आठवड्यापासून हीच मंडळी चिलीतल्या वालपराइसो बंदराच्या टेकड्यांवरून पाहुण्यांना पायी फिरवणार होती. काकांनी उभी हयात ही लिफ्ट वरखाली करण्यात घालवलेली. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यातल्या फ्रान नावाच्या पोरीला दिला. चहा फुंकत तिने विचारलं, लाल कठड्याच्या जिन्यावर पाहुण्यांना काय सांगायचं? खुनी खलाशाची गोष्ट फार चालते म्हणे.

काकांनी झाकण तिच्या हातातून परत घेतलं.

"ती गोष्ट जिने रचली तिला मी ओळखतो," ते म्हणाले. "यास्ना, तुमच्यासारखीच गाईड. आता नाही सांगत ती."

"काका, भुताबिताचं असेल तर आत्ताच सांगा. मला घरी त्याच जिन्याने जायचंय."

"मग तर नीट ऐक."

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. जुलैतला, म्हणजे आमच्याकडे ऐन थंडीतला, दुसरा गुरुवार, संध्याकाळचे सात. बंदरावरून धुकं वर सरकत होतं. खालच्या स्टेशनात काका लिफ्टच्या जोडीने एक टपरीही चालवतात, तिथे यास्ना मेणबत्त्या घ्यायला आली. साडेसातला तिची अकरा पाहुण्यांची फेरी होती. चेहरा ओढलेला, डोळे जागरणाने लाल. सहा वर्षांची लेक, रेनाता, दवाखान्यात होती. काळजाला जन्मापासून छिद्र. शुक्रवारी सकाळी आठला ऑपरेशन ठरलं होतं. रात्री एकालाच थांबू देत, म्हणून आजी थांबली होती. पहाटे यास्नाने जायचं.

मेणबत्त्या कशाला, हे काकांनी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. लाल कठड्याच्या जिन्यावरच्या देवळीला ती नवस बोलली होती. पोर आपल्या पायांनी घरी आली, तर वर्षभर दर सोमवारी तिथे दिवा लावीन.

आमच्या गावात अशा देवळ्या पावलोपावली आहेत. माणूस रस्त्यात अवचित गेला, की तो गेला त्या जागी हातभर घर बांधतात. आत मेणबत्ती, फुलं, कुणाकुणाच्या नवसाच्या खुणा. ज्याला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही, तो दुसऱ्याचं गाऱ्हाणं लवकर ऐकतो, असं लोक मानतात. सोमवार या गेलेल्या माणसांचा वार. यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

पण काकांचा हात पाकिटावरच थांबला.

"ज्याला रोज संध्याकाळी खुनी म्हणतेस," ते हळूच म्हणाले, "त्याच्याच दारात लेकीसाठी पदर पसरतेस?"

यास्नाला आधी हसू आलं, मग ते विरलं. ती म्हणाली, काका, पाहुण्यांना असलंच काही लागतं. मत्सरी खलाशी, गळा आवळलेली प्रेयसी, जिन्यावरून उडी. कुणाचं काय बिघडलं? देवळीवरचं नावसुद्धा पावसाने पुसलंय. तो कोण होता, हे कुणाला ठाऊक आहे?

काकांना ठाऊक होतं. बेलिसारियो त्याचं नाव. खालच्या भट्टीतून टेकडीवर पाव पोचवायचा. चाळीसेक वर्षांमागे एका पहाटे ओल्या पायरीवरून पाय सरकला, एवढंच. खून नाही, प्रेयसी नाही. लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. त्याची बहीण दोमितिला जिन्याच्या वरच निळ्या पत्र्याच्या घरात राहते. आपला भाऊ खुनी असल्याचं ती रोज संध्याकाळी खिडकीआडून ऐकते, कधी स्पॅनिशमध्ये, कधी इंग्रजीत.

यास्नाने मेणबत्त्यांचे पैसे मोजून ठेवले. मग तिने विचारलं, आज काय सांगू? जाहिरातीवर 'खुन्याचा जिना' असंच छापलंय. लोक त्याच्यासाठीच येतात.

"ते तू ठरव. नवस तुझा आहे."

देव कोपला तर माणूस रडून पाया पडतो. पण आपण ज्याची बदनामी केली, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

साडेसातला चौकात अकरा जण जमले. एक ब्राझीलचं जोडपं, अर्जेंटिनाचं एक मोठं कुटुंब, आणि उरुग्वेच्या निवृत्त शिक्षिका एर्मिंदाबाई. बाई पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या, की मुली, जिने किती आहेत ते आधी खरं सांग, गाईडलोक नेहमी निम्मे सांगतात. सगळे हसले. यास्नाही हसली. गल्लीतला तपकिरी कुत्रा, दुके, सवयीप्रमाणे पुढे निघाला. प्रत्येक फेरीबरोबर तो असतोच.

धुक्यात गाईड चेहरे मोजत नाहीत. टोप्या, मफलर, छत्र्या, चेहरा सापडतच नाही. पाय मोजायचे. विजेरी खाली धरायची आणि जोड्यांच्या जोड्या मोजत जायचं. यास्नाने चौकात मोजले. अकरा.

रंगवलेल्या भिंतीपाशी मोजले. बारा.

कुणी वाटेत सामील झालं असेल. होतं तसं. फुकट ऐकणारे मागे लागतात. तिने विजेरी वर केली. धुकं, मफलर, छत्र्या... अकरा तोंडं. पुन्हा खाली. बारा जोड.

बारावा जोड सगळ्यात मागे होता. दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे, जुन्या वळणाचे. आता असले कोण घालतं?

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून आई. रेनाताला ताप चढलाय. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत उतरला नाही तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. पुढची तारीख तीन महिन्यांनी. आणि तीन महिने... आई पुढे बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. एवढे दिवस या पोरीच्या हाती नाहीत, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं.

यास्नाने फोन खिशात ठेवला. फेरी सोडून पळत सुटावं असं वाटलं. पण पळून जायचं कुठे? दवाखान्यात तिला दारातच अडवलं असतं. आणि जिथे मागायचं होतं, ती जागा समोरच होती.

पुढच्या वळणावर तिने परत मोजले. बारा. कापडी जोडे आता मागे नव्हते. मधोमध होते.

आणि कोरडे होते.

दगड ओले, कठडा ओला, सगळ्यांच्या बुटांवरून पाणी निथळत होतं. ते जोडे कोरडे. दुके पुढे पळायचं सोडून त्यांच्याशेजारून चालत होता. शेपटी हलवत. माणूस ओळखीचा असावा तसा.

"मुली, दमलीस काय?" एर्मिंदाबाईंनी विचारलं. "दमायचं मी, थांबतेस तू."

यास्नाने मान हलवली. पुढे निघाली.

लाल कठड्याचा जिना आला. एकशे बासष्ट पायऱ्या. मधल्या वळणावर ती देवळी, पत्र्याच्या छपराची, गुडघ्याएवढी. वर निळं घर. खिडकी बंद, आत मिणमिणता उजेड. पाहुणे वळणावर कोंडाळं करून उभे राहिले. ब्राझीलच्या नवऱ्याने फोन सरसावून विचारलं, इथेच ना तो खुनी?

यास्नाने मेणबत्ती पेटवून देवळीत ठेवली. विजेरी खाली केली.

बारा. पहिल्या ओळीत. अगदी तिच्यासमोर.

"इथे..." ती म्हणाली. रोजचीच वाक्यं, जिभेवर बसलेली. "इथे एक खलाशी..."

मेणबत्ती विझली. वारा नव्हता.

तिने परत पेटवली. "इथे एक..."

कापडी जोडे एक पाऊल पुढे आले.

कुणाला दिसत नव्हतं... दिसत होतं ते फक्त तिला आणि कुत्र्याला. यास्नाला वाटलं, आता वर बघितलं तर चेहरा दिसेल. तिने वर बघितलं नाही. डोळे मिटले. रेनाताचं नाव मनात घेतलं. आणि म्हणाली,

"मी आजवर खोटं सांगत आले. इथे कुणी खुनी नव्हता. इथे बेलिसारियो नावाचा पाववाला पडला."

एवढंच तिला माहीत होतं. काकांनी एवढंच सांगितलं होतं. पण ती थांबली नाही. पुढचं आपोआप येत गेलं, कुणी कानाशी सांगावं आणि आपण फक्त मोठ्याने म्हणावं तसं. टोपली डाव्या खांद्यावर होती. पडताना त्याने ती वर धरली. कमरेखालचं अंग हलेना. पाव ओले होतील, शाळेतली पोरं उपाशी राहतील, याचीच चिंता. मग वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. त्याने ओळखलं. आणि सगळा जीव गोळा करून तो म्हणाला...

यास्ना देवळीकडे वळली. ती अगदी हळू म्हणाली, "दोमी, खाली येऊ नकोस गं. पायऱ्या निसरड्या आहेत."

वर खिडकी करकरली.

निळ्या घराच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. पांढरे केस मोकळे. कठडा धरावा तशी तिने चौकट धरली होती.

"हे तुला कुणी सांगितलं?" दोमितिला म्हणाली. "मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पाद्रीबाबांनासुद्धा नाही."

यास्नाने विजेरी खाली केली.

अकरा.

दुके पायऱ्या उतरून वळणापर्यंत गेला. धुक्यात बघत उभा राहिला. मग परत आला.

त्या रात्री खुन्याची गोष्ट मिळाली नाही म्हणून कुणीही कुरकुर केली नाही. एर्मिंदाबाईंनी देवळीपुढे वाकून क्रूसाची खूण केली आणि यास्नाचा हात धरून तिला खाली आणलं. त्या म्हणाल्या, आता मीच गाईड, तू पाहुणी. दोमितिलाने खिडकी उघडीच ठेवली होती.

पहाटे चारला यास्ना दवाखान्यात पोचली. ताप उतरला होता. कधी उतरला, आजीला सांगता आलं नाही. रात्री साडेआठ-पावणेनऊला कपाळ पुसत होती, तेव्हा गार लागलं, एवढंच. सातला नर्स पोरीला न्यायला आली आणि थबकली. रेनाताच्या मनगटावर नावाचा पट्टा नव्हता. भरती करताना प्रत्येक रोग्याला तो प्लास्टिकचा पट्टा बांधतात. एकदा बसला की कात्रीशिवाय निघत नाही. कुणी कापला, म्हणून नर्स आजीवर चिडली. पलंगाखाली शोधलं, चादर झटकली. सापडला नाही. शेवटी नवा बांधला आणि पोरीला आत नेलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. छिद्र बुजलं.

फ्रानने हुश्श केलं. बाकीचे दोघे अजून काकांच्या तोंडाकडेच बघत होते.

"मग काय," ती म्हणाली, "पोर वाचली, म्हातारीला भाऊ परत मिळाला. छान झालं. उगीच घाबरवलंत."

काकांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

रेनाता आपल्या पायांनी घरी आली, त्यानंतरच्या सोमवारी यास्ना नवस फेडायला गेली. एकटी नको म्हणून काकांना बरोबर नेलं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, धुक्याचा मागमूस नाही. तिने देवळीतलं जुनं मेण खरवडलं, वाळकी फुलं काढली. मागच्या कोपऱ्यात, नवसाच्या खुणा ठेवतात तिथे, काहीतरी पांढरं होतं. तिने ते उचललं. बघितलं. काकांच्या हातात दिलं.

दवाखान्याचा पट्टा. वर रेनाताचं नाव, तारीख, वॉर्डाचा नंबर.

काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. उन्हात धरला. एवढंसं वेटोळं, त्यांचा पंजा काही आत जाईना.

कुठेही कापलेला नव्हता. चाप तसाच बंद होता.