बोळवण नसलेलं गाणं

माझ्या घरात इंटरनेट नाही, म्हणून लोकांना वाटतं ही म्हातारी जुन्या काळात रमते. मी रमत नाही. मला तो काळ आठवतो, एवढंच. रमणं हा वेगळा आजार आहे आणि तो तरुणांना होतो.

माझ्या भाच्याचा मुलगा प्रितेश त्यातलाच. वय सत्तावीस, नोकरी वाशीच्या एका काचेच्या इमारतीत, आणि फेसबुकावर ‘कॅसेटच्या काळातलं पनवेल’ नावाचा ग्रुप. तिथे ही मंडळी जमून उसासे टाकतात. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचो, आठवतं का? सगळ्यांना आठवतं. सगळे अंगठे वर. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. टेप अडकणं हा यंत्राचा दोष होता. चिडचिड व्हायची, आणि गाणं त्या जागी कायमचं चिरकायचं. गणपतीत वडाळे तळ्याकाठी ऑर्केस्ट्रा व्हायचे, तेही आता यांना थोर वाटतात. मी तिथे बसलेले आहे. गाणारा बेसूर, माईक शिट्या मारणारा, आणि मागे डासांची बैठक. घरी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही ते ऐकलं.

दोन हजार बाराच्या एप्रिलमध्ये प्रितेश माझ्याकडे आला. तळ्याच्या बाजूला चौथ्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. आल्या आल्या त्याने माझ्या बंद पडलेल्या टू-इन-वनचा फोटो काढला.

“आजी, ठमाबाईची कॅसेट तुझ्याकडेच आहे ना? आपली पूर्वी नवरी होतेय, तिच्या हळदीला वाजवायची आहे. ओरिजिनल आवाज पाहिजे. रूट्स.”

“मुळं गव्हाणला होती,” मी म्हटलं. “त्यावर तुझ्या बापाने टाइल्स बसवल्या.”

तो हसला. यांचा अपमान करणंही कठीण झालंय.

ठमाबाई म्हणजे गव्हाणची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत भटजी नंतर आला, आधी धवलारीण असे. हळदीपासून सासरी पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती गायची आणि मागे बसलेल्या बायका तिची ओळ झेलायच्या. माझी आई झेलायची, लहानपणी मीही झेलली. हळदीला ठमाबाई आधी देवांना बोलावी, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. खाडीच्या वाटेनी या, बांधाच्या वाटेनी या. मांडवाच्या पुढच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी कोरी चटई अंथरलेली असे. आणि मुलगी सासरी निघाली की बोळवण. तीच नावं उलट्या क्रमाने घ्यायची, हातात दिवा धरून पुढे चालायचं, खाडीच्या काठावर दिवा ठेवायचा आणि मागे न बघता परतायचं.

एक्याऐंशी साली प्रितेशच्या बापाचं, गणूचं, लग्न झालं, तेव्हा मी नवा टू-इन-वन घेऊन गेले होते. बोलावण्याचं गाणं मी टेप केलं. बोळवणीच्या वेळी ठमाबाईचं लक्ष टू-इन-वनच्या लाल दिव्याकडे गेलं.

“रमा, ती पेटी बंद कर.”

“का गं?”

“बोलावनं घेतलंस ता घेतलंस. बोलवनारी पन मीच आनि पोचवनारी पन मीच. पेटी काय खाडीवर चालत जानार हाय?” मग जरा थांबून म्हणाली, “आवतन दिलं का वाट दाखवावी लागते. नायतर ते घरातल्याच कोनाला तरी पुढं घालून जातात.”

तसेही सेल उतरत आले होते. मी यंत्र बंद केलं. ठमाबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्यामागे कोणी शिकलं नाही. कॅसेट मी प्रितेशला दिली आणि सांगितलं, पूर्ण वाजव, मध्ये तोडू नकोस. तो म्हणाला, “शुअर.”

प्रितेशच्या बहिणीची, पूर्वीची, हळद गव्हाणला, गणूच्या दारात होती. मी संध्याकाळी पोचले तेव्हा ऊन अजून पत्र्यांवर होतं. दाराशी एक जुनी सायकल पिवळ्या रंगाने रंगवून उभी केली होती. तिच्या कॅरिअरवर रॉकेलचा कंदील, कंदिलाखाली कॅसेटींची रास. ‘जुनं ते सोनं’ ही थीम होती म्हणे. त्या सायकलवरून माझा भाऊ, गणूचा बाप, चिखलातून मासळी नेत असे आणि रोज तिला शिव्या देत असे. मांडवाच्या पुढच्या कोपऱ्यात, चटईच्या जागी, फोटोसाठी लाल सोफा होता.

“गणू, चटई कुठाय?”

“आत्या, गप बस ना तू. पोरांची हौस हाय.”

मग गाणं सुरू झालं. आधी छातीत धडधड उठवणारा ठोका, आणि त्यावर ठमाबाईचा आवाज. खाडीच्या वाटेनी या गो, बांधाच्या वाटेनी या. मग परत तेच. परत तेच. पोरं हात वर करून नाचत होती.

मी प्रितेशला कोपऱ्यात गाठलं. “पुढचं कुठे आहे?”

“तेवढाच हुक ठेवला, आजी. बाकी नावंच नावं होती. बोअर होतं. कोण ओळखतं त्या माणसांना आता?”

“नावं काढलीस?”

“क्रिस्प केलं.”

लग्नपत्रिकेवरचं नाव खोडून ती भर रस्त्यावर वाटत सुटावं, तसला हा प्रकार होता. ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने त्याचाही फोटो काढला असता.

गुडघे दुखत होते. मांडव गच्च भरला होता, लोक कडेला उभे होते, पण पुढच्या दोन रांगा रिकाम्या दिसत होत्या. मी तिकडे गेले, खुर्चीला हात लावला, “बसा, बसा,” म्हटलं आणि परत फिरले. परत येऊन खांबाला टेकले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिथे कोणीच नव्हतं. मी कोणाला बसा म्हटलं?

मग मी बघत राहिले. नवऱ्याकडची एक बाई लगबगीने पुढे गेली, खुर्चीपाशी थबकली, पदर सावरून ओशाळं हसली आणि मागे वळली. तिच्यामागून आलेल्या माणसाने पाय आखडून, अंग चोरून ती रांग ओलांडली. कोणाच्या तरी गुडघ्यांना लागू नये म्हणून आपण जसे जातो, तसा.

पूर्वीला हळद लावायला गेले. पोरगी हुशार, पुण्याला नोकरी, उगाच किंचाळणारी नाही. गालावर हळद लावताना ती हळूच म्हणाली, “आजी, पुढे बसलेत ते आपल्यातले कोण? मी कोणालाच ओळखत नाही.”

“पुढे?”

“ते काय. सगळे माझ्याकडेच बघतायत. इतक्या ओल्या पायांनी कुठून आलेत?”

मी वळून पाहिलं. पांढऱ्या खुर्च्या. खाली हिरवं जाजम. जाजम त्या दोन रांगांखाली काळं पडलं होतं. मी गणूला दाखवलं.

“बर्फाची पेटी गळली असंल,” तो म्हणाला.

पेटी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी वाकून बोटाला लावून पाहिलं. गाळ होता. खाडीचा, निळसर, त्याच वासाचा.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, पोरांनी मोबाइल वर धरले, जेवणात पनीर होतं. पुढच्या दोन रांगांत दिवसभर कोणी बसलं नाही आणि जागा नाही म्हणून तक्रारही केली नाही. प्रितेशने आपलं गाणं अधूनमधून लावलं. लोकांची मागणी होती म्हणे.

सूर्य कललेला असताना पाठवणी झाली. फुलांनी मढवलेली स्कॉर्पिओ दारात आली. पूर्वी मागच्या सीटवर बसली. नवरा अजून बाहेर लोकांच्या पाया पडत होता. तेवढ्यात गाडी मागून खाली बसली. एकदम नाही, एक माणूस चढावा, मग दुसरा, मग तिसरा, तशी. नवऱ्याचा भाऊ टायरला लाथ मारून म्हणाला, “हवा कमी वाटते.”

पूर्वी काचेला चिकटली होती. खांदे आवळून, गुडघे जवळ घेऊन. मी खिडकीशी गेले. तिने माझं मनगट धरलं. हात गार होता आणि ओला.

“आजी,” ती म्हणाली, “मला सांगतायत, पुढे हो.”

“कोण?”

“पुढे हो म्हणतात. वाट दाखव म्हणतात. कुठली वाट?”

मी भुतंखेतं मानत नाही. आजही मानत नाही. पण पोरीचे ओठ निळे पडत होते, आणि ठमाबाईने मला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

मी मांडवातला दिवा उचलला. गणू धावत आला. “आत्या, काय करतेस? लोक बघतात!”

“बघू दे. कालपासून तेच तर करतायत.”

गाडीपुढे उभी राहून मी बोळवण म्हणू लागले. आमच्या घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली, उलट्या क्रमाने, आईने झेलली होती तशी. गाडी हलली नाही. कशी हलेल? आमच्या माणसांना कोणी बोलावलंच नव्हतं. ज्यांना नाव नाही ते आले होते.

मग मी नावं सोडली.

“जे कोणी आलात,” मी म्हटलं, “ते चला.”

स्प्रिंगा करकरल्या. गाडी वर आली. हळूहळू, एकेक करून. पूर्वीने पाय सोडले आणि मान मागे टाकून रडू लागली, साध्या नव्या नवरीसारखी.

मी दिवा धरून चालू लागले. मागे बघितलं नाही.

मागून प्रितेश मोबाइल घेऊन आला. “आजी, एकदम कडक! ते शेवटचं परत एकदा म्हणशील? अँगल चुकला.”

मी चालत राहिले. बिचाऱ्याला कोणामधून चालतोय हेही कळत नव्हतं. थोड्या वेळाने तोच थांबला. थंडी वाजते म्हणाला. मे महिना होता.

खाडीची वाट मला डोळे मिटूनही ठाऊक आहे. मिठागराच्या बांधावरून, चिंचेला उजवं टाकून, सरळ पाण्यापर्यंत. चिंच नव्हती. बांध नव्हता. तांबड्या मुरमाचा भराव होता आणि त्यापुढे माझ्या डोक्याच्या वर पत्र्याचं कुंपण. दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर. पाणी कुठेतरी त्याच्या पलीकडे होतं. वास येत होता.

मी पत्र्याला हात लावून उभी राहिले. दिवा तिथेच खाली ठेवला. वाऱ्याने तो विझला.

माझी पाठ गार पडली, भरलेल्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर सगळे आपल्याकडेच बघतायत हे जसं कळतं, तसं कळलं.

मी मागे न बघता वळले. म्हणजे जमीन बघत वळले.

गव्हाण फाट्यावर पनवेलची सहा आसनी रिक्षा उभी होती. आत कोणी नव्हतं. मी कडेला बसले. हे रिक्षावाले गाडी भरल्याशिवाय हलत नाहीत. मेलेल्या माणसालाही वाट बघायला लावतील. याने आरशात एकदा पाहिलं, तंबाखू थुंकली आणि गाडी चालू केली. वाटेत दोघा-तिघांनी हात केला. त्याने मान हलवली. “जागा नाय.”

घराचं कुलूप उघडलं आणि दार धरून मी बाजूला उभी राहिले. जरा जास्तच वेळ. मग आत गेले आणि चहा टाकला.

त्यानंतर काही झालं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर फरशी सकाळी दमट असते. तळं जवळ आहे. पोरगी पुण्यात सुखात होती, फोनवर हसायची, आणि मला तेवढं पुरे होतं.

तुळशीच्या लग्नानंतर प्रितेश पेढे घेऊन आला. गाणं इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते धो-धो चाललं होतं. पनवेल, उरण, पार अलिबागपर्यंत प्रत्येक हळदीला तेच, म्हणाला. लोकांना बालपण आठवतं.

“बोळवण टाकलीस का त्यात?”

“तिला बीट बसत नाही, आजी.”

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीत हळद होती. खाली पार्किंगमध्ये स्पीकर लावले होते. मी खिडक्या बंद केल्या, तरी ठमाबाईचा आवाज येतच राहिला. खाडीच्या वाटेनी या गो. परत तेच. परत तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणूची पूर्वी भेटायला यायची होती. तिला दिवस गेले होते, ते स्वतः सांगायला. मी लाडू वळून ठेवले होते. फोन वाजला.

“आजी, खाली पोचले गं,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. “पण लिफ्ट भरलीय. केवढी माणसं आहेत तुमच्याकडे! सगळे चौथ्यालाच चाललेत. मी पुढच्या फेरीला येते.”

मी दार उघडून बाहेर आले. लिफ्ट वर येत होती, नेहमीपेक्षा सावकाश. थांबली. दारं सरकली.

आत कोणी नव्हतं. आतला आरसा वाफेने धुरकटलेला होता. मी भिंतीला पाठ लावून वाट दिली.

लिफ्टची जमीन हळूच बोटभर वर आली, मग आणखी थोडी.