उन्हाळ्यातली नदी

लाइट गेलीच आहे तर सांगतो. ध्रुव, मोबाइल पालथा ठेव. सिद्धी, हसायचं नाही. ज्याची ही गोष्ट, तो माणूस आपल्याच माडीवर भाड्यानं राहायचा.

निहार, नागपूरचा. शहरात, बेळ्ळंदूरला नोकरी. उपग्रहाची तीस वर्षांची छायाचित्रं जुळवून नदी कुठून कुठं सरकली ते सांगायचं. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून हा पठ्ठ्या फक्त उन्हाळ्यातली चित्रं घ्यायचा. उन्हाळ्यात आपली नदी काय पाणी दाखवणार, कप्पाळ? यानं लिहून दिलं, आपल्या आनेकलजवळचं जुनं पात्र नदीनं कायमचं सोडलं. लगेच तिथं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या. हा पाहणीला गेला तेव्हा तिथल्या एका खोलीतल्या, भालकीकडून मजुरीला आलेल्या महानंदानं विचारलं, "साहेब, पावसात हितं पाणी येतंय का?"

"नदी गेली, अक्का. खुशाल झोपा."

ऑगस्टात पाणी आलं. महानंदा झोपेतच वाहून गेली. याला आपली चूक कळली, पण तोंड उघडलं नाही. कचेरीत सगळे अतिवृष्टी, अतिवृष्टी म्हणाले, हाही म्हणाला. मन मात्र खात होतं त्याला.

गेल्या पाडव्याची आदली रात्र. अमावास्या. मीच त्याला नदीपलीकडच्या शेतकऱ्याच्या, गुरुराजच्या मळ्यात पाठवलं, गुढीसाठी वेळूची काठी आणायला. येताना साडेदहा झाले. वाट त्या पात्रातूनच. मधोमध स्कूटर बंद पडली. हा खाली उतरला. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

दिवसभर तापलेली वाळू... पायाखाली गार लागली.

समोर बाई. पदर निथळतोय.

"साहेब..."

हा एक पाऊल मागं सरला.

"पाणी गेलं का हो?"

'माझं चुकलं.' एवढंच म्हणायचं होतं त्याला. ओठ हलले. आवाज नाही...

ती वाट बघत राहिली.

काठी टाकली. स्कूटर टाकली. पळाला. मागं पाऊल वाजेना. नुसती खळखळ... खळखळ... फाटकापर्यंत.

मी दार उघडलं. रस्ता ठणठणीत कोरडा. माझा हात धरून तो रडायला लागला. "काका, आत्तासुद्धा बोललो नाही हो मी."

दोन दिवसांनी पाडव्याच्या सकाळचं चित्र आलं. त्यानं दाखवलं मला. वर एक ढग नाही. नदी सगळी कोरडी. त्यात जे दिसलं तो यंत्राचा दोष, म्हणाले त्याचे साहेब. असेल. पण पाण्याची एक निळी रेघ होती त्यात. जुन्या पात्रातून निघालेली, मळ्याच्या वाटेनं वर चढलेली... आणि आपल्या या फाटकाशी येऊन थांबलेली.